चाकाखालचा दगड

गेनूतात्यानं मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. माझं नवंकोरं लायसन हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, उलटं केलं, फोटोवर अंगठा घासून बघितला आणि म्हणाला, "ह्ये खरं हाय कशावरून?"

"आरटीओचा शिक्का हाय की," मी म्हणालो.

"शिक्का खरा हाय कशावरून?"

आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा! मी हसलो. तो हसला नाही. लायसन त्यानं परत दिलं, पण असं दिलं की जणू चोरीचा माल नाइलाजानं माघारी करतोय. त्या क्षणी मला कळलं, की या माणसाशेजारी वर्ष काढणं म्हणजे काही खरं नाही.

ही सत्तर-ऐंशीच्या मधली गोष्ट. मी नेऱ्याचा. लायसन मिळण्याआधी मारुंजीच्या वीटभट्टीवर विटा वाहत होतो, डोक्यावर चुंबळ ठेवून. त्या चुंबळीचा मला इतका वीट आला होता, की लायसन मिळालं त्या दिवशी ती चुलीत घातली आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. घोटावडे फाट्यावर एका मालकाचा ट्रक होता. मुळशीच्या वरच्या अंगाचा लाकडी कोळसा आणि भात पुण्याला न्यायचा, येताना सिमेंट नाहीतर खताची पोती आणायची. मालक दुसरा ट्रक घेणार होता. मला म्हणाला, "वरीसभर तात्यासंगं फिर. क्लीनरचं काम कर, मधनंमधनं गाडी हाण. वरीस सरल्यावर तात्या हां म्हनला, तर दुसरी गाडी तुझ्या हातात. न्हाई म्हनला, तर भट्टी हायेच."

म्हणजे सगळं त्या एका 'हां'वर लटकलं होतं. आणि 'हां' हा शब्द तात्याच्या तोंडात कुणी कधी ऐकला नव्हता. फाट्यावरचे ड्रायव्हर त्याच्या माघारी त्याला 'कशावरून' म्हणत. "आला का तुमचा कशावरून?" असं मला विचारत आणि खिदळत.

तात्या जवळच्याच चांदे गावचा. साठीला टेकलेला, काटकुळा, खाकी हाफ पँटवर पांढरा सदरा, डोक्याला मळकं मुंडासं. रोज चांद्याहून चालत यायचा. मी सायकलीवर. एकदा म्हटलं, "तात्या, बसा की मागं, सोडतो." तो सायकलीकडं असा बघत राहिला, की मीच ओशाळलो. "मी सायकलीला हात लावीत न्हाई," एवढंच बोलून चालायला लागला. मला वाटलं, माझ्या चालवण्यावर भरवसा नसेल. तसा कशावर होता म्हणा!

सकाळी गाडीभोवती त्याचा फेरा व्हायचा. पान्याच्या दांड्यानं प्रत्येक टायर वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. मी नट आवळले असले तरी पुन्हा स्वतः आवळायचा, माझ्या देखत, मुद्दाम. डिझेल भरताना बोट बुडवून वास घ्यायचा. चहावाला कप विसळताना त्याच्या हाताकडं टक लावून बघायचा. मोरीवरून जायच्या आधी गाडी थांबवून खाली उतरायचा. "काल तर ह्याच मोरीवरनं गेलो," मी म्हणायचो. "काल व्हती तशी आज हाय कशावरून?" सपाट रस्त्याला तर तो घाटापेक्षा जास्त भ्यायचा. म्हणायचा, "घाट तोंडावर सांगतो बाबा, मी वाईट हाय. सपाटी गोड बोलती."

पाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी घरून पाण्याचा कॅन भरून आणला. तात्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "पानी कुटनं भरलंस?" माझं डोकंच फिरलं. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीची विहीर वेगळी, आणि 'पाणी कुठलं' या प्रश्नाचा अर्थ आम्हाला लहानपणापासून पाठ. मी ताठ होऊन म्हणालो, "आमच्या वस्तीच्या हिरीचं. चालत न्हाई का?" तात्यानं कॅन उचलला, घटाघटा प्याला, तोंड पुसलं. "मचूळ हाय. हिरीत पाला कुजलाय. उद्या दुसऱ्या हिरीचं आन." दुसऱ्या दिवशी मालकाच्या घरचं पाणी आलं, तेव्हा त्याच्याही झाकणाला नाक लावून म्हणाला, "ह्ये कुटलं?" तेव्हा कुठं माझा राग उतरला. हा माणूस सगळ्यांवर सारखाच संशय घेत होता, त्यात भेद नव्हता. त्या काळात एवढंही पुष्कळ होतं.

मी गाडी चालवायला बसलो की तात्या डाव्या बाजूला ताठ बसायचा आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचा. माझ्या आधीही त्यानं कितीकांना शिकवलं असेल, कारण तिथला पत्रा त्याच्या टाचेनं घासून चकचकीत झाला होता. बाकीचे ड्रायव्हर शेजारी दुसरा असला की डुलक्या काढतात. तात्यानं माझ्या हातात गाडी असताना एकदाही डोळा मिटला नाही. भर उन्हात पुण्याहून येताना मला जांभया यायच्या, पण तो टक्क जागा.

आणि मग तो ठोकळा. पुण्याहून येताना भुकूमपासून पिरंगुटचा घाट चढावा लागतो. भरलेली जुनी गाडी मध्येच दमायची, तापायची. मग उतरायचं आणि मागच्या चाकाला दगड लावायचा, नाहीतर गाडी मागं सरकते. गाडी निघाली की दगड राहतो तिथंच, रस्त्यात. सगळेच सोडून जात. चढणीवर एकदा चाललेली गाडी दगडासाठी कोण थांबवणार? तात्या दगड लावतच नसे. त्याच्याकडं बाभळीचा ठोकळा होता, त्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक हौद्याच्या कडीला बांधलेलं. गाडी निघाली की ठोकळा फरफटत मागून यायचा.

पहिल्याच महिन्यात ती दोरी तुटली. गाडी मी चालवत होतो. माथ्यावर आल्यावर तात्यानं मागं बघितलं आणि ओरडला, "थांबीव!" मला वाटलं टायर फुटला.

"ठोकळा ऱ्हायला. जा, आन."

"तात्या, तो कुटल्या कुटं ऱ्हायला! लाकूडच हाय, दुसरा करू."

"चाक ज्याच्या हातात, त्याच्याखालचं त्याचं. जा."

उन्हातून उतरलो, ठोकळा घेऊन परत चढलो, आणि येताना म्हाताऱ्याला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या घातल्या. मनातल्या मनात, अर्थात.

त्या घाटात एक वळण होतं, करवंदीच्या जाळ्यांचं. तिथं तात्या गाडी थांबवायचाच. चढणीतली त्यातल्या त्यात सपाट जागा. मला म्हणायचा, "पान्याचं बघ," आणि मी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालेपर्यंत स्वतः मागं कुठंतरी नाहीसा व्हायचा. थोड्या वेळानं हात झटकत यायचा. काय केलं, कुठं गेला, चकार शब्द नाही. लघवीला म्हणावं, तर तसंही वाटायचं नाही.

हे मालकाच्याही कानावर गेलं होतं. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या वळनावर रोज गाडी थांबती म्हनं. डिझेल काढतोय का पोती ठिवतोय? तुझं लक्ष हाय का न्हाई? खरं काय ते मला सांग. तात्याचं हां-न्हाई मग बघता येईल."

म्हणजे म्हाताऱ्याला चोर ठरवलं की गाडी माझी! खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. इतके महिने जो माझ्या नटांवर, पाण्यावर, लायसनवर संशय घेत होता, त्याच्यावर संशय घ्यायची मला आयतीच परवानगी मिळाली होती. मी त्याच्यावर डोळा ठेवायला लागलो. तो डिझेलचा वास घेतो, तो का? चालतच येतो, मग हातात ती पिशवी कशाची? भाकरीच्या फडक्याला गाठी एवढ्या का? बघायला लागलं की सगळंच दिसतं.

सुट्टीच्या दिवशी सायकल काढली आणि एकटाच त्या वळणावर गेलो. जाळीच्या मागं शिरलो. तिथं दगडांचा ढीग. चांगला कमरेएवढा. डोकं काढून ठेवावं तसे धोंडे, काहींवर टायरचे काळे पट्टे. मला वाटलं, हां, सापडलं! खाली डिझेलचा कॅन पुरलाय. मी एकेक दगड काढून बाजूला टाकायला लागलो. हात सोलपटले, काट्यांनी सदरा फाटला. तळाला पोचलो तर माती. मातीही उकरली. खाली आणखी माती.

"काय हुडिकतोस रं?"

वर एक मेंढरं राखणारी म्हातारी उभी होती, काठीवर हनुवटी टेकवून. किती वेळ बघत होती देव जाणे.

"काय न्हाई मावशे. ह्ये दगड कुनी ठिवले?"

"त्या खाकी चड्डीवाल्या डायवरनं. लई वर्सं झाली. रस्त्यातलं दगड उचलतो नि हितं आनून टाकतो. आनि तू ते काढतोयस व्हय, भल्या मानसा?"

मी खाली बसलो. म्हातारीनं सांगितलं ते असं. पूर्वी एका पहाटे, अंधारात, पिरंगुटचा एक गवळी सायकलीला दुधाचे कॅन अडकवून पुण्याकडं उतरत होता. याच वळणावर कुठल्यातरी गाडीनं चाकाला लावलेला दगड रस्त्यात पडला होता. सायकल त्यावर गेली. गवळी जागेवर गेला. म्हातारीनं सगळ्यात आधी दूध बघितलं होतं, रस्त्यावरून खाली वाहत आलेलं.

"दगड तात्यांच्या गाडीचा व्हता?"

"कुनाला ठावं? आदल्या सांजंला तीन-चार गाड्या हितं दमल्या व्हत्या. त्याचीबी व्हती. त्यानं आपल्या किलीनरला इचारलं व्हतं म्हनं, दगड उचललास का? त्यो म्हनला, व्हय. ह्यानं इस्वास ठिवला नि गाडी नेली. पुन्यांदा इचारलं तवाबी किलीनर म्हनला, उचलला व्हता. उचलला असंल बी. पर ह्याच्या मनातनं ते जात न्हाई."

ती मेंढरांमागं निघून गेली. मी ढीग पुन्हा रचला, आधी होता तसाच रचायचा प्रयत्न केला. पण तात्याला ते कळणार, याची मला खात्री होती, आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी वळणावरून परत आला तेव्हा माझ्या सोललेल्या हातांकडं बघितलं, फाटलेल्या सदऱ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून मात्र मला "पान्याचं बघ" म्हणाला नाही. सरळ माझ्यासमोरून जायचा, रस्त्यातला दगड उचलायचा आणि जाळीमागं टाकून यायचा.

मालकाला मी खरं तेच सांगितलं. "दगड उचलतो."

"दगड?" मालक भडकला. "मला येडा समजतोस का? तुला बी वाटनी मिळाली वाटतं!"

"आईशप्पत मालक, दगडच."

"बरं बरं. तुझंबी कळतं मला. तात्याला मी सांगून ठिवलंय तुझ्यावर लक्ष ठिवायला. दर आठवड्याला इचारतो, पोरगं कसंय? म्हनतो, अजून न्हाई."

घ्या! म्हणजे मी त्याच्यावर नजर ठेवून, तो माझ्यावर नजर ठेवून, आणि मालकाला आता दोघांवर संशय. घरी येऊन आईला सांगितलं, "चुंबळ करून ठेव नवीन." ती म्हणाली, "जाळायच्या आधी इचार करायचा व्हता."

वर्ष सरत आलं. दुसरी गाडी आली, आवारात उभी राहिली. आवाराला उतार, म्हणून चाकाला दगड लावलेला. मी येता-जाता तिच्याकडं बघायचो आणि तात्या माझ्याकडं. शेवटच्या आठवड्यात तात्याला ताप आला. तरी आला, चालत, मुंडासं कानावर ओढून. म्हटलं, "तात्या, घरी पडा की." तो म्हणाला, "आनि गाडी कोन बघनार?" मी बघणार, असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

येताना सिमेंट भरलं होतं, गाडी माझ्या हातात होती. घाटात वळणाच्या खालीच गाडी बंद पडली. डिझेलच्या पाइपात हवा धरली होती. हँडब्रेक ओढला, ठोकळा लावला. गाडी थोडी मागं सरली आणि कडाड् आवाज आला. ठोकळ्याचे दोन तुकडे. तात्या कधीपासून म्हणत होता, ठोकळ्याला चीर गेलीय. मी धावत जाऊन कडेचा मोठा धोंडा आणला आणि चाकाखाली सारला. तात्या आत थरथरत बसलेला, त्याला उतरू दिलं नाही. मागं एसटी येऊन उभी राहिली. तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला, आणि आतल्या बायाबापड्याही माझ्या नावानं बोटं मोडायला लागल्या. मी नट सैल केले, हवा काढली, हाताचं डिझेल पँटला पुसलं, सेल मारला. धरली! एसटीवाला ओरडला, "निघ आता, निघ!" मी जो निघालो तो निघालोच. वळण गेलं, माथा आला. एसटी भुर्रकन पुढं गेली.

तात्यानं डोळे उघडून विचारलं, "उचलला?"

तोच प्रश्न, आणि ओठावर 'व्हय' आलं होतं. तापात होता, उठून बघणार नव्हता. गाडी उतारावर लागली होती. वर्ष संपायला चार दिवस आणि त्या दुसऱ्या ट्रकचं नवं रंगवलेलं तोंड माझ्या डोळ्यापुढं. 'न्हाई' म्हटलं की गेलं सगळं, हे मला समोरच्या रस्त्याइतकं लख्ख दिसत होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "ऱ्हायला. आनतो."

गाडी कडेला घेतली, गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि खाली पळत सुटलो. धोंडा रस्त्याच्या मधोमध होता. मी तो उचलून पोटाशी धरतोय तोवर वरून घंटी वाजली. दुपारच्या दुधाचे कॅन खडखडवत एक सायकलवाला आला आणि मला चुकवून जाता जाता म्हणाला, "मरायला रस्ताच घावला व्हय रं, भडव्या!" मी म्हटलं, जा बाबा, जा.

धोंडा जाळीमागं टाकला नाही. पुरावा पाहिजे होता, म्हाताऱ्याला मी ओळखून होतो. घामाघूम होऊन वर आलो आणि केबिनच्या दारातून धोंडा त्याच्यापुढं धरला.

तात्यानं बघितलं. "ह्योच कशावरून?"

मला रडूच यायचं बाकी राहिलं. मी धोंडा फिरवला. टायरचा काळा, ओला पट्टा होता. तात्यानं पुढं वाकून नाक लावलं, रबराचा वास घेतला. मग मागं टेकला आणि म्हणाला, "ठिव आत. चल."

मी उतार उतरायला लागलो. पिरंगुटच्या अलीकडं सहज डावीकडं बघितलं तर तात्याचे डोळे मिटलेले. सोंग! मला बघतोय, पापणीच्या फटीतून. मी गाडी आणखी सांभाळून घेतली. वळणावर हॉर्न दिला, गिअर वेळेवर पाडला, मोरीजवळ वेग कमी केला. प्रत्येक वेळी हळूच बघायचो. मग गाडी एका खड्ड्यातून गेली आणि त्याची मान खांद्यावर पडली. तोंड उघडं. घोरत होता. मी खाली बघितलं. त्या चकचकीत पत्र्यावर त्याचा पाय नव्हता. बाजूला सरकला होता, सैल, लहान पोराच्या पायासारखा.

आवारात गाडी लावली. मालक बाहेर आला, केबिनमध्ये डोकावला आणि घाबरला. "काय झालं? गेला का काय तात्या?"

"न्हाई. झोपलाय."

"कोन, तात्या? तू चालवत व्हतास आनि तात्या झोपला?"

"व्हय."

मालकानं पुन्हा आत डोकं घालून ते घोरणं ऐकलं. मग आत गेला आणि दुसऱ्या गाडीची चावी आणून माझ्या हातात दिली. तात्याला उठवून 'हां' का 'न्हाई' हे त्यानं विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा पहिलं भाडं घेऊन निघालो. तात्याचा ताप उतरला होता, तो आवारात उभा होता. मी पाया पडायला गेलो तर म्हणाला, "नट बघितले का?" बघितले म्हटलं. तो जाऊन पुन्हा बघून आला. मी गाडी चालू केली, खाली उतरलो, चाकाचा दगड काढला आणि पुन्हा वर चढलो. हे त्यानं पाहिलं. तरीही.

त्या संध्याकाळी परत आलो तेव्हा कळलं, तात्या मालकाला गुडघ्यांचं सांगून काम सोडून गेला. पुढं पावसाळ्यात तो वारला. मी लांबच्या भाड्यावर होतो, तोंड बघायला मिळालं नाही. बातमी ऐकली आणि गाडी कडेला घेऊन पोटभर रडलो. म्हणून मला तो दिसतो तो त्या सकाळचाच, फाटकातून बाहेर पडताना, आरशात. गाडी जिथं उभी होती तिथं तो गेला. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसला आणि ती जागा हातानं चाचपून बघायला लागला, इकडं, मग तिकडं. तिथं काही नव्हतं. दगड माझ्या पायाशी होता.